गुडघा किती सैल आहे? आर्थ्रोमीटरने लिगामेंटची मोजणी, पायरीपायरीने

"चालताना काही नाही डॉक्टर, पण बांधावरून उतरताना गुडघा सटकू लालाय." लातूर, अहमदपूर, उदगीरकडचा माणूस एसीएल हा गुडघ्यातला लिगामेंट (हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारा पट्टा) तुटल्याची तक्रार साधारण अशाच शब्दांत सांगतो. हातात एमआरआयची मोठी पिशवी असते आणि रिपोर्टात बऱ्याचदा 'पार्शल टेअर', म्हणजे अर्धवट फाटलेला, असं लिहिलेलं असतं. गाडी इथेच अडते. पार्शल म्हणजे किती? उरलेले धागे काम करतात की नुसतेच दिसतात? एमआरआय म्हणजे निवांत पडलेल्या गुडघ्याचं चित्र. जोर आल्यावर नडगीचं हाड मांडीच्या हाडाखालून किती पुढे सरकतं, ते त्या चित्रात दिसत नाही. ते हाताने तपासावं लागतं आणि आर्थ्रोमीटर नावाच्या उपकरणाने मोजावं लागतं.

हे लिहितोय ते आपल्याकडच्या तरुण फिजिओथेरपिस्टसाठी आणि ऑर्थोपेडिक विभागातल्या निवासी डॉक्टरांसाठी. तालमीचे वस्ताद आणि शाळेतले क्रीडाशिक्षक यांनीही वाचावं, पण मोजणी त्यांनी करू नये. माझं मत आधीच सांगून टाकतो. उपकरण महाग असो की स्वस्त, आकडा खरा येतो तो पेशंटला नीट झोपवल्यामुळे आणि त्याची मांडी सैल पडल्यामुळे. त्यामुळे खाली डायलपेक्षा टेबलाबद्दल जास्त वाचायला मिळेल.

मोजतो ते काय

एसीएल म्हणजे पुढचा क्रूसिएट लिगामेंट. नडगीला पुढे सरकू न देणं हे त्याचं मुख्य काम. पुढे ओढणाऱ्या जोराला गुडघ्यात जो विरोध होतो, त्यातला सुमारे ८५ टक्के एकटा एसीएल करतो. मागे ढकलणाऱ्या जोराला पीसीएल, म्हणजे मागचा क्रूसिएट लिगामेंट, अडवतो, त्याचा वाटा सुमारे ९५ टक्के. आतली बाजू एमसीएल सांभाळतो, बाहेरची एलसीएल आणि त्याच्या मागचा कोपरा.

आर्थ्रोमीटर वाटीला स्थिर खूण मानतो आणि तिच्या तुलनेत नडगी किती मिलिमीटर पुढे किंवा मागे गेली ते दाखवतो. एवढंच. लिगामेंट फाटलाय का, हा प्रश्न त्याला कळत नाही. म्हणून एका गुडघ्याच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. अर्थ असतो तो दुखऱ्या आणि चांगल्या गुडघ्यातल्या फरकाला.

आधी कुणाला मोजायचं नाही

ताज्या दुखापतीत घाई करू नका. एसीएल तुटला की काही तासांत गुडघ्यात रक्त भरतं, गुडघा टम्म फुगतो आणि मांडीमागचे हॅमस्ट्रिंग स्नायू आपोआप आवळले जातात. हे स्नायू नडगीला मागे धरून ठेवतात, त्यामुळे तुटलेला गुडघाही मोजणीत घट्ट दिसतो. सूज उतरून गुडघा जवळपास पूर्ण सरळ होऊ लागेपर्यंत थांबा.

एक्स-रे आधी. नडगीच्या वरच्या टोकाला फ्रॅक्चर असेल, किंवा लहान मुलात लिगामेंटऐवजी त्याच्या मुळाशी असलेला हाडाचा तुकडाच उपटलेला असेल, तर ओढाओढ करायची नाही. गुडघा वाकलेल्या स्थितीत अडकला असेल, सरळच होत नसेल, तर मेनिस्कसचा (सांध्यातल्या कूर्चेच्या गादीचा) तुकडा मध्ये आलेला असू शकतो. तिथेही थांबा.

सगळ्यात गंभीर म्हणजे मोठ्या अपघातात निखळून परत बसलेला गुडघा. दुचाकीवरून पडलेल्या माणसाचा गुडघा सगळीकडून लटपटत असेल तर आधी पावलावरची आणि घोट्यामागची नाडी बघा. पाय गार पडलाय का, बोटं हलतात का, ते बघा. रक्तवाहिनीला इजा असेल तर तासातासाला किंमत असते. अशा पेशंटला मोजत बसू नका, संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात लगेच पाठवा.

इतिहास विचारताना

कबड्डीत चढाई करून परतताना घोटा पकडला गेला आणि वरचं अंग फिरलं, खो-खोत खांबाला वळसा घालताना पाय रुतला, कुस्तीत पट काढताना गुडघा आत वळला: अशा वेळी एसीएलचा विचार करा. 'कट्' असा आवाज आल्याचं खूप जण सांगतात. दुचाकी घसरून वाकलेला गुडघा जमिनीवर आपटला, नडगी पुढून ठेचली गेली, तर पीसीएलचा विचार आधी करा.

हा फरक पुढच्या सगळ्या मोजणीचा पाया आहे. पीसीएल तुटला की झोपलेल्या स्थितीत नडगी स्वतःच्या वजनाने मागे लोंबते. उपकरण ही लोंबलेली जागा शून्य धरतं. मग पुढे ओढलं की नडगी आधी मूळ जागेवर येते, आणि डायल सांगतो की ती आठ-नऊ मिलिमीटर पुढे गेली. रिपोर्टवर एसीएल तुटल्याचं लिहिलं जातं आणि एसीएल मात्र शाबूत असतो.

म्हणून उपकरण लावण्याआधी दोन्ही गुडघे ९० अंशात वाकवून, टाचा एका रेषेत ठेवून, बाजूने डोळे गुडघ्याच्या पातळीला आणून बघा. एका नडगीचा उंचवटा खाली गेलेला दिसला तर सावध. मग चांगल्या गुडघ्यावर क्वाड्रिसेप्सचा तटस्थ कोन शोधा. साधारण ७० अंशांच्या आसपास असा एक कोन सापडतो, जिथे पेशंटने मांडीचे पुढचे स्नायू आवळले तरी नडगी पुढेही येत नाही, मागेही जात नाही. दुखरा गुडघा त्याच कोनात ठेवून पेशंटला पाऊल टेबलावर हलकेच पुढे सरकवायला सांगा. नडगी पुढे आली तर ती आधी मागे पडलेली होती आणि पीसीएल गेलेला आहे. अशा पेशंटची मोजणी या तटस्थ जागेपासून पुढे किती आणि मागे किती, अशी वेगवेगळी लिहायची.

हाताने लॅकमन

उपकरण आहे म्हणून ही पायरी सोडू नका. गुडघा २० ते ३० अंशात, एका हाताने मांडी वाटीच्या वर घट्ट धरायची, दुसऱ्या हाताने नडगी वरच्या टोकाला धरून पुढे उचलायची. फिलाडेल्फियातल्या जॉन लॅकमन यांची ही तपासणी जोसेफ टॉर्ग यांनी १९७६ मध्ये मांडली आणि ९० अंशातल्या जुन्या ड्रॉवर टेस्टपेक्षा ती जास्त भरवशाची ठरली. ९० अंशात हॅमस्ट्रिंगला नडगी मागे ओढायला सोयीची जागा मिळते, ताज्या गुडघ्याला तेवढं वाकवणंही जमत नाही.

किती सरकलं याबरोबर शेवट कसा आला ते हाताला कळतं. चांगला एसीएल दावं ताणल्यावर बैल थांबावा तसा गचकन थांबवतो. तुटलेल्यात नडगी सरकत जाते आणि शेवट मऊ, पसरट लागतो. तो 'घट्ट' की 'मऊ' हे कागदावर लिहा. डायल हे लिहून देत नाही. पैलवानाची मांडी एका हातात मावत नसेल तर त्याच्या मांडीखाली तुमचा गुडघा टेकवा आणि वरून हाताने दाबून धरा.

केटी-१०००: मांडणी

हे उपकरण सॅन दिएगोचे सर्जन डेल डॅनिएल यांच्या कामातून १९८० च्या दशकात आलं. आजही सर्जनांच्या बोलण्यात 'केटी' म्हणजे हेच. वरच्या टोकाला वाटीवर टेकणारी गादी, खाली नडगीच्या उंचवट्यावर टेकणारी गादी, मध्ये डायल आणि ओढायची मूठ. ठरावीक जोराला बीप वाजते: ६७ न्यूटन, ८९ न्यूटन आणि १३४ न्यूटन. किलोच्या हिशोबात साधारण पावणेसात, नऊ आणि साडेतेरा.

पेशंटला उताणं झोपवा. डोक्याखाली उशी द्या, नाहीतर मान उचलून बघत राहतो आणि सगळं अंग आवळलेलं राहतं. पँट वर गुंडाळू नका, गुंडाळलेल्या कापडाने मांडी बांधली जाते. शॉर्ट्स द्या. बाईमाणूस असेल तर आधी समजावून सांगा, बरोबर नर्स किंवा घरची बाई उभी करा आणि चादर द्या. ती संकोचाने आखडलेली राहिली तर आकडाही आखडलेलाच येईल.

पायाला मालिशचं तेल असेल तर पुसून काढा. तालमीतल्या पोरांचा गुडघा दुखला की पहिला उपाय तोच असतो, आणि तेलकट पोटरीवर पट्टा सरकतोच. एप्रिल-मे मध्ये घामाचंही तेच. कोरडा टॉवेल जवळ ठेवा.

मांडीचा आधार गुडघ्याच्या मागच्या खळगीच्या किंचित वर लावा. गुडघा २५ ते ३० अंशात आला पाहिजे. एवढं वाकल्यावरच वाटी मांडीच्या हाडाच्या खाचेत नीट बसते. ती खाचेत बसली नाही तर गादीखाली इकडेतिकडे डोलते, आणि वाटीच डोलली तर मोजायची खूणच हलली. ज्याची वाटी वर चढलेली असते त्याच्या मांडीखाली जास्तीचा आधार घालून गुडघा आणखी थोडा वाकवा. पावलांचा आधार घोट्याच्या बाहेरच्या हाडाखाली, दोन्ही टाचा त्यावर. पावलं किंचित बाहेर वळलेली आणि दोन्ही सारखी. मांड्या बाहेर पडत असतील तर मांडीभोवती पट्टा बांधा.

केटी-१०००: मोजणी

चांगल्या गुडघ्यापासून सुरुवात करा. पेशंटला काय होणार ते कळतं, भीती जाते आणि तुलनेचा आकडाही आधी मिळतो.

आतल्या बाजूने सांध्याची फट बोटाने शोधा आणि पेनाने खूण करा. उपकरणावरचा सांध्याचा बाण त्या खुणेवर आणून ते नडगीवर ठेवा आणि पोटरीभोवती दोन्ही पट्टे बांधा. इतके घट्ट की उपकरण फिरणार नाही, इतके नाही की पेशंट तोंड वाकडं करेल. उपकरण तिरपं बसलं, आत किंवा बाहेर झुकलं, तर सगळी मोजणी तिरपी.

डाव्या हाताने वाटीवरची गादी दाबून ठेवा. हा दाब मोजणीभर एकसारखा हवा, आणि बहुतेक नवख्यांची गडबड इथेच होते. उजव्या हाताने ओढण्यात लक्ष गेलं की डावा हात नकळत सैल होतो किंवा जास्त दाबतो. गादी हलली की डायलही हलतो आणि ती हालचाल नडगीची समजली जाते. मनगट वाटीवर टेकवून, कोपर अंगाला धरून दाबा.

आता शून्य ठरवायचं. मूठ मागे ८९ न्यूटनपर्यंत ढकला, सोडा. पुन्हा ढकला, सोडा. सोडल्यावर काटा दरवेळी त्याच जागी येऊन थांबायला लागला की डायल फिरवून शून्यावर आणा. काटा दर वेळी वेगळ्या जागी थांबत असेल तर स्नायू अजून सैल नाहीत किंवा पट्टा ढिला आहे. शून्य स्थिर होईपर्यंत पुढे जाऊ नका. बाहेर ओपीडीची कितीही रांग असू दे.

स्नायू सैल आहेत का, हे विचारून कळत नाही. "सैल सोडा" म्हटलं की प्रत्येक जण "सोडलाय" म्हणतो. मांडीच्या मागे बोटं घालून हॅमस्ट्रिंगची दोरी चाचपा. ताठ लागली तर पेशंटला आधी मुद्दाम पाय आवळायला सांगा आणि मग एकदम सोडायला. किंवा सरळ गप्पा सुरू करा. पैलवानाला विचारा, यंदा कुठल्या जत्रेत कुस्ती धरली होती, शेवटची कुस्ती कितीची होती. दोन वाक्यांत मांडी पडते.

मग मूठ हळू, एका गतीने सरळ वर ओढा. पहिल्या बीपला आकडा वाचा, दुसऱ्या बीपला, तिसऱ्या बीपला. झटका दिला तर हॅमस्ट्रिंग जागे होतात. सोडा आणि काटा शून्यावर परत येतो का बघा. नाही आला तर ती ओढ मोजू नका. अशा तीन चांगल्या ओढी झाल्या की सरासरी लिहा.

शेवटी हाताची पूर्ण ओढ. वाटीवरचा हात तसाच ठेवून दुसरा हात थेट पोटरीखाली, नडगीच्या वरच्या टोकाशी घाला आणि जितकं येईल तितकं पुढे ओढा. एसीएल तुटल्याचा फरक यात सगळ्यात स्पष्ट दिसतो, कारण मुठीच्या ओढीला पुरून उरणारे स्नायू इथे हरतात. शस्त्रक्रियेत नवीन ग्राफ्ट (तुटलेल्या लिगामेंटच्या जागी लावलेला धागा) बसवलेल्या गुडघ्यात मात्र सर्जनशी बोलल्याशिवाय ही ओढ करायची नाही.

आता दुसरा गुडघा, सगळं तसंच, त्याच माणसाने, त्याच टेबलावर.

आकडा वाचताना

समजा, एक कबड्डीपटू आहे, डाव्या गुडघ्याला दुखापत. ८९ न्यूटनला उजवा ५ आणि डावा ८.५. १३४ न्यूटनला उजवा ६, डावा ११. पूर्ण ओढीला उजवा ७, डावा १४. फरक झाले ३.५, ५ आणि ७ मिलिमीटर. फरक ३ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर एसीएलबद्दल दाट शंका घ्यायची, हा सर्वसाधारण नियम. आयकेडीसी या गुडघ्याच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या प्रतवारीत ० ते २ सामान्य, ३ ते ५ जवळपास सामान्य, ६ ते १० असामान्य, १० च्या वर गंभीर. पूर्ण ओढीच्या ७ मिलिमीटर फरकामुळे आपला कबड्डीपटू तिसऱ्या गटात बसतो. जोर वाढत गेला तसा फरकही वाढत गेला, हे लक्षात घ्या. चांगला लिगामेंट जोर वाढला तरी पुढे फारसं जाऊ देत नाही. डावा गुडघा जातच राहिला, आणि लॅकमनमधल्या मऊ शेवटाचं हे आकड्यातलं रूप.

आता खो-खो खेळणारी एक मुलगी घ्या. धाराशिवचा खो-खो आपल्याकडे मानाचा, इथल्या सारिका काळेला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, त्यामुळे शाळाशाळांत मुली धावताना दिसतात. तिचे आकडे उजवा १०, डावा ११. घाबरायचं कारण नाही. करंगळी मागे वाकवून बघा, अंगठा मनगटाला टेकवायला सांगा, कोपर आणि गुडघे मागे जातात का, तळहात जमिनीला टेकतात का, ते बघा. ही बायटनची ९ गुणांची तपासणी. गुण जास्त आले तर अंगच मोकळं आहे, हे आकडे लिगामेंट तुटल्याचं लक्षण नाहीत. फरक तर फक्त १ मिलिमीटर.

जुन्या पैलवानांमध्ये अडचण वेगळी. दोन्ही गुडघ्यांनी मार खाल्लेला असतो, तुलनेला चांगला गुडघा उरत नाही. शिवाय पोटरी इतकी भरलेली असते की मांसच दबतं आणि आकडा फुगतो. तिथे फरकाच्या मागे लागू नका. शेवट घट्ट की मऊ, पिव्हट शिफ्टला (नडगी वळवून गुडघा वाकवायच्या हाताच्या तपासणीत) गुडघा निसटतो का, आणि गरज पडली तर भूल दिल्यावर काय दिसतं, यावर निर्णय घ्यावा लागतो. भुलीखाली आकडे वाढतात, स्नायूंचा आधार गेलेला असतो. भुलीआधीचा आणि भुलीखालचा आकडा एका रकान्यात लिहू नका.

केटी नसेल तर

जिल्ह्याच्या ठिकाणी बहुतेक क्लिनिकमध्ये केटी नसतो. एअरकास्टचा रोलीमीटर हा साधा पर्याय. लोखंडी चौकट, वाटीवर टेकणारा भाग, नडगीवर टेकणारी कांडी आणि तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा. बीप नाही, जोर मोजणं नाही, म्हणून यात फक्त हाताची पूर्ण ओढ चालते. याचा अर्थ ओढणारा माणूस नेहमी एकच हवा. निर्जंतुक करता येत असल्याने ऑपरेशन थिएटरमध्येही वापरता येतो. झोपवण्याचे, पट्ट्याचे, वाटीवरच्या दाबाचे सगळे नियम तेच.

जीएनआरबी हे फ्रेंच यंत्र मोटरने ओढतं आणि हॅमस्ट्रिंगवर इलेक्ट्रोड लावून स्नायू आवळले की दाखवतं. माणसाच्या हातातला फरक त्यात जातो. किंमत बघता ते आपल्याकडे लवकर येईल असं वाटत नाही.

स्ट्रेस एक्स-रे

माझ्या मते मराठवाड्यात सगळ्यात कमी वापरलं जाणारं आणि सगळ्यात जास्त उपयोगाचं साधन हेच, कारण एक्स-रे मशीन तालुक्यालाही असतं. टेलॉसची चौकट असेल तर ती १५० न्यूटनचा ठरावीक जोर लावते. नसली तरी पीसीएलसाठी एक सोपी रीत आहे. पेशंटला गुडघे ९० अंशात वाकवून पाटावर गुडघे टेकून असं उभं करा की वजन नडगीच्या उंचवट्यावर येईल आणि मांडीच्या हाडाचं टोक अधांतरी राहील. बाजूने एक्स-रे घ्या, दोन्ही गुडघ्यांचा वेगवेगळा. नडगी मांडीच्या हाडापेक्षा किती मागे गेली ते मोजा आणि फरक काढा. ० ते ७ मिलिमीटर म्हणजे सामान्य किंवा अर्धवट इजा, ८ ते ११ म्हणजे पीसीएल पूर्ण तुटलेला, १२ किंवा जास्त म्हणजे पीसीएलबरोबर आणखी काही गेलेलं आहे. मांडीच्या हाडाची खालची दोन गोल टोकं (कॉन्डाइल) एकमेकांवर बसलेली दिसली नाहीत तर एक्स-रे तिरका आहे, परत काढा.

बाजूच्या लिगामेंटसाठी गुडघा २० अंशात. आतून जोर लावून बाहेरची फट उघडायची: चांगल्या गुडघ्यापेक्षा २.७ मिलिमीटर जास्त उघडली तर एलसीएल पूर्ण तुटल्याचं लक्षण, ४ किंवा जास्त तर मागचा बाहेरचा कोपराही गेलेला. बाहेरून जोर लावून आतली फट ३.२ मिलिमीटर जास्त उघडली तर एमसीएल पूर्ण तुटलेला. जोर लावणाऱ्याने लेड एप्रन आणि हातमोजे घालायचेच. स्त्री पेशंटला गरोदरपणाबद्दल आधी विचारायचं.

यात काय येत नाही

वळताना नडगी आतल्या अंगाने फिरून पुढे निसटते. पैलवान किंवा कबड्डीपटू ज्याला 'गुडघ्याने दगा दिला' म्हणतो ते हेच, आणि ते पुढे-मागे मोजणाऱ्या आर्थ्रोमीटरमध्ये येत नाही. त्यासाठी पिव्हट शिफ्ट हातानेच करावी लागते. मोजणीत ७ मिलिमीटरचा फरक असूनही शेतात दिवसभर राबणारा माणूस असतो, आणि ४ मिलिमीटरवर मैदानात उभं राहता न येणारा खेळाडूही असतो. शस्त्रक्रियेचा निर्णय वय, काम, खेळ आणि गुडघा किती वेळा निसटतो यांवर होतो. आकडा त्या चर्चेतला एक साक्षीदार.

पेशंट पुढे संभाजीनगर किंवा पुण्याला सर्जनकडे जाणार असेल तर चिठ्ठीवर एवढं लिहून द्या: दुखापतीची तारीख, मोजणीची तारीख, उपकरण कोणतं, गुडघ्याचा कोन, जोर किती न्यूटन की हाताची पूर्ण ओढ, उजवा, डावा, फरक, लॅकमनचा शेवट, पिव्हट शिफ्ट, बायटनचे गुण, मोजणाऱ्याचं नाव. शस्त्रक्रियेनंतर पुन्हा मोजायची वेळ आली की शक्यतो त्याच माणसाने, त्याच उपकरणावर मोजावं. केटीचा आकडा रोलीमीटरच्या आकड्याशेजारी ठेवून गुडघा सुधारला की बिघडला ते सांगता येत नाही.